रेडिएटर पाणी पीत नाही!

एप्रिलचा शेवट आला की यवतमाळहून वणीकडे जा, नाहीतर आर्णीवरून माहूरकडे, एक दृश्य हमखास दिसतं. लिंबाच्या सावलीत एक जुनी मारुती व्हॅन उभी. पुढची सीट उचललेली, आतून वाफ निघतेय. शेजारी बाया-माणसं, पोरं पदराखाली, टॉवेलखाली ऊन चुकवत बसलेली. आणि चालवणारा बाटली-बाटली पाणी ओततोय. पाणी भरून झालं की सीट खाली, सगळे आत, आणि गाडी निघाली. "काही होत नाही ताई, पाणी टाका अन् निघा," असं गॅरेजमधलाही कुणी सांगतो. गाडीला तहान लागली, आपण पाणी पाजलं, विषय संपला!

पण मैत्रिणींनो, विषय इथं संपत नाही, इथंच सुरू होतो. कारण रेडिएटर पाणी पीत नाही. पेट्रोल संपतं, तसं हे पाणी संपायला नको. इंजिनाभोवती तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरत राहतं. घरच्या टाकीतलं पाणी कुणीही न वापरता रात्रीतून कमी झालं, तर आपण काय म्हणतो? "कुठं तरी गळतंय." गाडीच्या बाबतीतही नेमका हाच प्रश्न विचारायचा. पाणी गेलं कुठे? हा प्रश्न विचारायला गाडी चालवता येण्याची गरज नाही. घर चालवणाऱ्या बाईला तो आपोआप सुचतो.

सीटखालची चूल

मारुतीची व्हॅन १९८४ मध्ये आली. पुढे तिचं नाव ओम्नी झालं आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. पण गावोगावी ती अजून धावते आहे. लग्नाचं सामान, शाळेची मुलं, जेवणाचे डबे, बचत गटाचे पापड आणि मसाले, दवाखान्यात न्यायची बाळंतीण, अशा सगळ्यांसाठी ती उपयोगी पडते. म्हणजे आज आपल्याकडे असलेली प्रत्येक ओम्नी जुनीच आहे. तिची दुखणीही वयाचीच असतात.

या गाडीचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. रेडिएटर मात्र पुढे, जिथं वारा लागतो तिथं. त्यामुळे पाणी लांब पाईपमधून पुढे जातं, थंड होतं आणि परत मागे येतं. पेट्रोल जळून जी उष्णता तयार होते, तिचा साधारण तिसरा हिस्सा या पाण्यावाटे बाहेर टाकला जातो. पाणी फिरवायला वॉटर पंप असतो. इंजिन थंड असताना पाणी अडवणारा आणि साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडणारा थर्मोस्टॅट असतो. गाडी उभी असताना वारा घालायला पंखा असतो. आणि सगळ्यावर झाकण असतं, ते अगदी आपल्या कुकरसारखं. दाब धरून ठेवल्यामुळे पाणी शंभर अंशांना न उकळता बरंच पुढे, जवळपास १२० अंशांपर्यंत टिकतं.

मग गाड्या मे महिन्यातच का तापतात? हिशेब सोपा आहे. रेडिएटरमधलं पाणी ९० अंश धरा. डिसेंबरात बाहेरची हवा २५ अंश, म्हणजे फरक ६५ अंशांचा. नवतपाच्या दिवसांत हवा ४५ अंश, म्हणजे फरक उरला ४५ अंशांचा. गरम वस्तू जितक्या थंड हवेत ठेवावी तितकी लवकर निवते, हे आपल्याला ताटातल्या भातावरूनही कळतं. त्याच रेडिएटरची ताकद उन्हाळ्यात जवळपास तीस टक्क्यांनी घटते. म्हणजे बिघाड हिवाळ्यातही असतो, फक्त झाकलेला असतो. ऊन तो उघडा पाडतं.

बोअरच्या पाण्याचा पांढरा थर

आपल्याकडे गाडीत कुठलं पाणी जातं? जे हाताशी असेल ते. हापशीचं, बोअरचं, धाब्यावरच्या टाकीचं. आणि आपल्या जिल्ह्यातलं पाणी किती जड आहे, हे नळाच्या तोटीवर आणि गिझरच्या कॉइलवर बसलेला पांढरा थर रोज सांगतो. वणी-मुकुटबनकडे तर जमिनीतच चुनखडी आहे. हाच थर रेडिएटरच्या काडीएवढ्या बारीक नळ्यांत बसतो. नळ्या अरुंद होतात, काही बंदच होतात. शिवाय साध्या पाण्याने आतून गंज धरतो, त्याचा लालसर गाळ होतो.

म्हणजे गंमत बघा. गाडी तापते म्हणून आपण बोअरचं पाणी ओततो, त्याने थर वाढतो, थर वाढला की गाडी अजून तापते, मग अजून पाणी! तात्पुरता इलाजच दुखणं वाढवतो.

यावर उपाय म्हणजे कूलंट. ते फक्त थंडीच्या मुलखासाठी असतं, असा समज आहे. तो खरा नाही. कूलंटमुळे पाणी उशिरा उकळतं, गंज लागत नाही आणि थर बसत नाही. तयार मिसळलेलं मिळतं ते तसंच घालायचं. घट्ट मिळालं तर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड पाणी, म्हणजे बॅटरीत घालतात ते पाणी मिसळायचं. एका प्रकारचं कूलंट दुसऱ्यात मिसळू नका. डब्यावर दिलेल्या मुदतीनंतर ते बदलून घ्या.

एक इशारा मात्र घरातल्या बाईलाच द्यायला हवा. बहुतेक कूलंट विषारी असतं आणि चवीला गोड लागतं. उरलेलं कूलंट पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही ठेवू नका. मुलं, कुत्री-मांजरं, गाई-वासरं ते चाटू शकतात. सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुऊन टाका.

पाणी गेलं कुठे? असा लावा छडा

पाणी जायच्या वाटा तीनच. बाहेर गळतं, झाकणातून उडतं, किंवा इंजिनच्या आत जातं.

पहिली वाट बघायला रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी ओला डाग कुठे पडला ते पहा. रबरी पाईपच्या तोंडाशी, क्लिपजवळ, वॉटर पंपाखाली की रेडिएटरखाली? कधी गळती इतकी बारीक असते की पाणी गरम पत्र्यावर पडून तिथंच सुकतं. मग पांढरा किंवा हिरवट सुकलेला ओघळ शोधायचा. इंजिन पूर्ण थंड असताना रबरी पाईप हलकेच दाबून पहा. तो फुगलेला, चिरलेला किंवा कडक झालेला असेल, तर तुटायची वाट पाहू नका, बदला.

दुसरी वाट झाकणाची. कुकरची रिंग सैल झाली की वाफ बाजूने फुसफुसते आणि डाळ शिजत नाही. तसंच रेडिएटरच्या झाकणातलं रबर आणि स्प्रिंग ढिले पडले की दाब टिकत नाही आणि पाणी लवकर उकळून बाहेर पडतं. अनेकदा सगळं इंजिन खोलायच्या गप्पा सुरू होतात आणि दोष निघतो या छोट्या झाकणात! ते स्वस्त असतं, म्हणून पहिल्यांदा तेच तपासून घ्या.

तिसरी वाट सगळ्यात वाईट. इंजिनच्या ब्लॉक आणि हेड या दोन भागांच्या मध्ये हेड गॅस्केट असतं. ते उडालं की पाणी आत शिरतं. खुणा ओळखता येतात. गाडी गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही. ऑईलची कांडी काढून पाहिली तर ऑईल दूध घातलेल्या चहासारखं दिसतं. बाहेर थेंबही न गळता पाणी कमी होत राहतं. अशी शंका आली तर गाडी चालवत नेऊ नका, टोचन करून गॅरेजला न्या.

पाणी पूर्ण, तरी काटा वर?

पाणी कमी होत नाही आणि गाडी तरीही तापते, असंही होतं. तेव्हा ती कुठे तापते, याकडे लक्ष द्या. ही माहिती मिस्त्रीच्या फार कामाची असते.

गावात, रेल्वे फाटकावर, बाजाराच्या गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो? मग संशय पंख्यावर. बऱ्याच गाड्यांत तो विजेवर चालतो. गाडी उभी ठेवून इंजिन सुरू ठेवा. थोड्या वेळाने पंखा सुरू झाल्याचा आवाज आला पाहिजे. आला नाही तर फ्यूज, वायर, पंख्याचा स्विच आणि मग मोटर, या क्रमाने तपासायला सांगा. पंख्यात बोट मात्र घालू नका. इंजिन बंद असतानाही तो अचानक फिरू शकतो.

उलट गावात ठीक, पण भरधाव जाताना किंवा पुसद-माहूरच्या चढावर तापते? मग पाणी नीट फिरत नसावं किंवा वारा लागत नसावा. रेडिएटर आतून थराने चोंदलेला असेल, वॉटर पंपाचं पातं झिजलं असेल, थर्मोस्टॅट अडकला असेल. किंवा रेडिएटरची जाळी बाहेरून बुजली असेल. आपल्या जिल्ह्यात कापसाच्या हंगामात रस्त्याकडेच्या झुडपांवर कापसाचे पुंजके लटकलेले असतात. तेच पुंजके, धूळ, पावसाळ्यातले किडे जाळीत बसतात. ते मऊ ब्रशने आणि पाण्याच्या हलक्या धारेने साफ होतात. जोराच्या धारेने नाजूक पत्र्या दुमडतात.

बॅटरीचा लाल दिवा लागला आणि पाठोपाठ काटा चढला, तर पट्टा तुटल्याची दाट शक्यता असते. बऱ्याच जुन्या गाड्यांत एकच पट्टा बॅटरी चार्ज करतो आणि वॉटर पंपही फिरवतो. अशा वेळी एक किलोमीटरही पुढे जायचं नाही.

थर्मोस्टॅटबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. आपल्याकडे "हा भाग काढूनच टाका, गाडी तापणार नाही" असा सल्ला सर्रास मिळतो. त्याने खरा दोष झाकला जातो, इंजिन नीट गरम होत नाही, पेट्रोल जास्त लागतं आणि इंजिन झिजतं. थर्मोस्टॅट खराब आहे की नाही, हे तर गॅसवर कळतं. एका जुन्या, पुन्हा स्वयंपाकाला न घेण्याच्या पातेल्यात पाणी घ्या, तो भाग दोरीने बांधून त्यात लटकवा आणि पाणी तापवा. पाण्याला उकळी फुटायच्या आत त्याची झडप उघडली पाहिजे आणि पाणी निवल्यावर मिटली पाहिजे. उघडली नाही तर नवीन घ्या. कितव्या अंशाला उघडणारा हवा, ते जुन्यावर लिहिलेलं असतं.

गाडीला एलपीजीचं किट असेल तर आणखी एक खूण. गॅसचं किट गरम ठेवायलाही हेच पाणी वापरलं जातं. पाणी कमी झालं की इंजिन तापतं आणि किटवर मात्र बर्फासारखा थर धरतो. गाडी झटके देऊ लागते. मग गॅसचा दोष शोधण्याआधी पाणी बघा.

काटा चढला तर

चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर असतं. शेजारी बसणारी काट्यावर नजर ठेवू शकते. रोजच्या प्रवासात काटा कुठे उभा राहतो ते लक्षात ठेवा. तिथून वर सरकायला लागला, सीट नेहमीपेक्षा जास्त गरम लागली किंवा गोडसर वास आला, की बोला. "घर आलंच आता, अजून दहाच किलोमीटर" हे उत्तर मिळेल. तिथंच ठाम राहायचं. कारण ते शेवटचे दहा किलोमीटरच इंजिन घेऊन जातात. ॲल्युमिनियमचं हेड तापून वाकतं, आणि शेकड्यांत भागणारं काम हजारोंवर जातं. त्या गाडीवर डब्यांचा किंवा शाळेच्या फेऱ्यांचा धंदा उभा असेल, तर रोजची कमाईही थांबते.

आणि एक फसवी खूण. चढलेला काटा अचानक खाली आला तर "उतरली गरमी" म्हणून खूश होऊ नका. पाणी पूर्ण संपलं की काट्याला माप देणारा भाग पाण्याबाहेर राहतो आणि काटा खोटं सांगू शकतो. आवाज बदलला, वास येतोय आणि काटा खाली, तर ताबडतोब थांबा.

थांबल्यावर काय करायचं?

● गाडी रस्त्याच्या पूर्ण कडेला, शक्यतो सावलीत घ्या. धोक्याचे दिवे लावा आणि इंजिन बंद करा. थांबायची जागा थोडी पुढे असेल आणि गाडीत हीटर असेल, तर तोवर तो पूर्ण सुरू करा. थोडी उष्णता त्यावाटे निघते.

● मुलांना आधी उतरवा. या गाडीत इंजिन सीटखालीच आहे, वाफ थेट बसलेल्यांवर येऊ शकते. पांढरकवड्याजवळच्या हायवेवर असाल तर मुलांना ट्रकच्या वाटेपासून लांब, रस्त्याच्या खाली उभं करा.

● रेडिएटरचं झाकण उघडू नका. निदान अर्धा-पाऊण तास थांबा. आपण शिटी होताना कुकर उघडतो का? इथं तर आत कुकरपेक्षा जास्त पाणी असतं. झाकण उघडताच दाब जातो, सगळं पाणी एकदम उकळतं आणि तोंडावर, छातीवर उडतं.

● गाडी निवल्यावर जाड कापड झाकणावर ठेवा, तोंड बाजूला करा, थोडंच फिरवा. फुस्स आवाज थांबेपर्यंत थांबा, मगच काढा.

● तापलेल्या इंजिनावर किंवा आत गार पाणी एकदम ओतू नका. गरम काचेच्या ग्लासाचं जे होतं, तेच इंजिनाचं होऊ शकतं. निवल्यावर थोडं थोडं घाला.

● मग घरी नाही, जवळच्या गॅरेजला जा. काट्यावर नजर ठेवून.

कुणी भाजलंच, तर त्या जागेवर साधं वाहतं पाणी वीस मिनिटं सोडा. टूथपेस्ट, हळद, तूप, बर्फ काही लावू नका. अंगठ्या, बांगड्या सूज यायच्या आत काढा. चेहरा, डोळे भाजले किंवा मोठे फोड आले तर सरळ दवाखाना गाठा.

मिस्त्रीशी बोलताना

"गाडी गरम होते, बघून द्या" एवढंच सांगितलं की अंदाजाने भाग बदलले जातात आणि बिल वाढतं. त्याऐवजी मोजकं आणि नेमकं सांगा. "दादा, आठवड्याला अर्धा लिटर पाणी लागतं. चढावर तापते, गावात नाही. पंखा चालतो. रात्री कागद ठेवला होता, डाग पंपाखाली पडला." इतकं ऐकल्यावर चांगला मिस्त्री खूश होतो आणि कामचुकार जरा सावध होतो. बदललेला जुना भाग परत मागा. पाणी भरल्यावर आत अडकलेली हवा काढली का, हेही विचारा. लांब पाईपच्या या गाडीत हवा अडकली, की नवीन भाग घालूनही काटा चढतो.

एक छोटी वही गाडीत ठेवा. तारीख, किती पाणी घातलं, कुठे तापली. दूधवाल्याचा, गॅस सिलिंडरचा हिशेब आपण ठेवतोच की! त्यात ही एक ओळ जास्त. दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, बाटलीतली पाण्याची पातळी खुणेशी आहे का ते पहा. झाकण आणि बाटली नेमकी कुठे आहे, ते एकदा गॅरेजमध्ये विचारून ठेवा. गाडीत पिण्याच्या पाण्याशिवाय पाच लिटरचा एक वेगळा कॅन, जाड फडकं आणि टॉर्च असू द्या. अडचणीच्या वेळी बोअरचं पाणी घालावं लागलं तर जरूर घाला, जीव आणि इंजिन आधी. पण गॅरेजला गेल्यावर ते काढून कूलंट भरायला विसरू नका.

येत्या सुट्टीत माहेरी किंवा माहूरला निघण्याआधी, आदल्या रात्री तेवढा वर्तमानपत्राचा कागद गाडीखाली टाकून बघा. हीच पुरवणी वाचून झाली असेल, तर तीही चालेल!